टाकी भरलेली होती



मे महिन्यातील एका शनिवारची ही गोष्ट. दुपारी बाराच्या सुमारास अकोल्याहून फोन आला. आमच्या जुन्या परिचयाचे एक आजोबा अत्यवस्थ होते. तेथील फादरांनी सकाळीच त्यांना कम्युनियन व आजाऱ्यांचा तैलाभ्यंग दिला होता. आता त्यांची एकच इच्छा उरली होती. अमरावतीला राहणाऱ्या धाकट्या भावाला आम्ही घेऊन यावे. शेताच्या वाटणीवरून हे दोघे बारा वर्षे एकमेकांशी बोलले नव्हते. निरोप मिळताच भाऊ पायांत चपला सरकवून आमच्या गाडीत येऊन बसला.

आमची गाडी जुनी, कार्ब्युरेटरच्या काळातली. महिनाभर ती कुरकुरत होती. सपाटीवर बरी चाले, पण चढ लागला की दम टाकी आणि वेग वाढवला की आचके देई. मिस्त्रीने दोनदा सांगितले होते, "फादर, फ्युएल पंप जात आहे, बदलून घ्या." आम्ही प्लग साफ केले, फिल्टर बदलला, पेट्रोललाच दोष दिला आणि म्हटले, पाहू पावसाळ्याआधी. त्या दिवशी निघताना मात्र टाकी काठोकाठ भरून घेतली. वाटले, आता काळजी नाही.

अमरावती ते अकोला हा महामार्ग आपल्या सर्वांच्या परिचयाचा. याच मार्गावर जून २०२२ मध्ये कामगारांनी १०५ तास ३३ मिनिटांत एका लेनचा ७५ किलोमीटर डांबरी रस्ता सलग तयार केला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. उन्हातान्हात राबलेल्या त्या हातांनी आपल्याला उत्तम रस्ता दिला. पण अशा रस्त्यावरही कुरूमच्या पुढे आमची गाडी थांबली ती थांबलीच. रस्ता चांगला, टाकी भरलेली, इंजिन धडधाकट. तरी गाडी जागची हलेना.

प्रथम वाटले, वऱ्हाडातल्या उन्हामुळे पेट्रोलची वाफ नळीत अडकली असेल. जुने ड्रायव्हर करतात तसे पंपावर ओले फडके ठेवले. गाडी दोन किलोमीटर गेली आणि पुन्हा बंद पडली. पुन्हा फडके, पुन्हा किलोमीटरभर. दुसरी गाडी मागवावी असे भाऊ म्हणत होता; पण प्रत्येक वेळी आम्हांला वाटे, आता सुरू होईल. अखेर मूर्तिजापूरहून एक मिस्त्री मोटारसायकलवर आला. तोवर दोन तास गेले होते.

त्याने कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी काढून बाटलीत धरली व स्टार्टर मारायला सांगितले. धार यायला हवी होती, तिथे थेंब पडले. मग त्याने ऑइलची पट्टी काढून वास घेतला. ऑइलला पेट्रोलचा वास येत होता. पंप उघडून त्याने आतला रबरी पडदा दाखवला. त्याला बोटाच्या पेराएवढी चीर गेली होती.

हा पडदा म्हणजेच डायफ्राम. इंजिनच्या कॅमशाफ्टवरील उंचवटा एक दांडी हलवतो, ती पडदा ओढते आणि टाकीतले पेट्रोल आत येते. मग स्प्रिंग पडद्याला मागे ढकलते व पेट्रोल पुढे जाते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर कॅमशाफ्ट १५०० फेरे घेते. त्या प्रत्येक फेऱ्याबरोबर हा पातळ पडदा मुकाट्याने काम करीत असतो. त्याला चीर गेली की पेट्रोल पुढे जाण्याऐवजी इंजिनच्या ऑइलमध्ये झिरपते. म्हणजे जे गाडी चालवायचे, तेच तिची झीज करू लागते.

"याला सोल्यूशन लावून चालणार नाही का?" आम्ही विचारले. मिस्त्री हसला. "पेट्रोलसमोर सोल्यूशन टिकत नाही फादर. नवाच बसवावा लागतो. अन् आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते जुन्या रबराला मानवत नाही. त्याला टिकणाऱ्या रबराचाच पंप घ्या." त्याने बॅटरीची वायर काढली, दोन बोल्ट सोडवले, नवे गॅस्केट लावून नवा पंप बसवला, नळ्यांच्या क्लिपा आवळल्या, पेट्रोल मिसळलेले ऑइलही बदलले. सारे काम पाऊण तासाचे. त्या पाऊण तासासाठी आम्ही महिनाभर सवड काढली नव्हती.

अकोल्याला पोहोचलो तेव्हा अंगणात माणसे बसली होती. आजोबांना जाऊन अर्धा तास झाला होता. शेवटपर्यंत ते दाराकडे पाहत होते, असे वहिनींनी सांगितले. आम्हांला कोणी बोल लावला नाही. वहिनींनी दिराच्या हाती पाण्याचा तांब्या दिला. आम्ही क्षमा मागू लागलो, तेव्हा धाकटा भाऊ म्हणाला, "फादर, तुमचा पंप तं आज बंद पडला. आमचा तं बारा वर्सांपासून बंदच होता."

बंधुभगिनींनो, आमचा दोष त्या उत्तराने पुसला जात नाही. उशीर आमच्यामुळे झाला आणि ते ओझे आम्ही वाहतो. देवाची दया आपल्या घड्याळावर चालत नाही, म्हणून आजोबांची आम्हांला चिंता नाही. पण मागे राहिलेल्या भावाचे ते वाक्य आमच्या मनातून जात नाही.

ते दोघेही दर रविवारी मिस्साला जात, एक अमरावतीत, एक अकोल्यात. प्रार्थना, नोव्हेना, दानधर्म, कशातच उणे नव्हते. टाकी भरलेली होती. पण देवाने दिलेली क्षमा जिथून भावाकडे जायची, तिथेच चीर पडली होती. आपलेही असेच होते. घरात अबोला असतो, आणि आपण आणखी एक नोव्हेना करतो. टाकीत आणखी पेट्रोल ओततो. वेदीवर दान आणणाऱ्याला प्रभू येशू काय सांगतो, ते मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात वाचा. दान तिथेच राहू दे, आधी भावाशी समेट कर, मग ये, असा त्याचा आदेश आहे. आणि यहेज्केल संदेष्ट्याच्या छत्तिसाव्या अध्यायात देव जुन्या हृदयाला ठिगळ लावत नाही, नवे हृदय देऊ करतो.

या आठवड्यात एक करू या. ज्याचे नाव ऐकताच आपण आचका खातो, त्याला फोन करू या. शेताचा वाद एका फोनने मिटणार नाही, पण निदान "कसा आहेस?" एवढे तरी विचारू या. पावसाळ्याआधी पाहू, असे म्हणू नका. प्रायश्चित्त संस्कारासाठी आम्ही शनिवारी सायंकाळी चर्चमध्ये बसतो. या वेळी सर्वांत आधी आमचीच पाळी आहे. आम्हीही जाऊन आलो आहोत.

प्रभू आपणां सर्वांना नवे हृदय देवो. आमेन.