पथ्याला सवड लागते

लासलगावात कुणालाही कांद्याचा आजचा भाव विचारा, तोंडावर असतो. स्वतःच्या रक्तदाबाचा आकडा मात्र क्वचितच कुणाला ठाऊक असतो. भाव पडला की त्याच दिवशी पोटात कालवतं; रक्तदाब वाढला तर बहुतेकांना वर्षानुवर्षं काहीच जाणवत नाही. धडधाकट वाटणाऱ्या माणसाला ‘तुम्हाला बीपी आहे, गोळी कायमची’ असं सांगणं म्हणजे त्याच्या डोक्यावर एक ओझं ठेवणंच.

1978 साली कॅनडातल्या पोलाद कामगारांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. रक्तदाब असल्याचं कळल्यावर त्यांच्या आजारपणाच्या रजा वाढल्या. गोळी सुरू झालेल्यांच्याही, न झालेल्यांच्याही. लासलगावच्या शिवारात असं काही मोजता येणार नाही, कारण इथे रजाच नसते. कांदा काढणीचं काम उक्तं घेतलेल्या टोळीत खाडा म्हणजे बुडालेला पैसा. कॅनडातला कामगार आजार धरून बसला. इथली बाई आजार विसरते आणि गोळीही.

त्याला आपण अडाणीपणा म्हणतो. पण रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. उघड्या वावरात, चार पुरुषांदेखत, ती बाई जाणार कुठे? दुसऱ्या एका गोळीने काहींच्या घोट्यांना सूज येते, आणि काम तर दिवसभर उकिडवं बसून. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. भाजी करायला वेळ नसला की भाकरीला कोरड्यास म्हणून ठेचा नाहीतर लोणचंच असतं, हे त्या सल्ल्यात कुठून येणार!

सगळ्यात अवघड पथ्य म्हणजे ‘टेन्शन घेऊ नका’. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लागलं, डिसेंबरात निर्यातच बंद झाली, ती मे 2024 मध्ये खुली झाली. डिसेंबरातला लाल कांदा उन्हाळ कांद्यासारखा चाळीत टिकत नाही; मिळेल त्या भावात द्यावाच लागतो. अशा वेळी शेतकऱ्याला शांत राहायला सांगणं मला तरी उद्धटपणाचं वाटतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या जीवनमान मोजण्याच्या छोट्या प्रश्नावलीत 26 प्रश्न आहेत. झोप, हातातला पैसा, जाण्यायेण्याची सोय, दवाखाना गाठता येणं, हे सगळं त्यांत आहे. रक्तदाबाचा आकडा नाही. आकडा बिनकामाचा, असं मात्र कुणी समजू नये. घरातल्या कर्त्या माणसाला पक्षाघात झाला की ते घर बसतं, आणि तो टाळण्याचा स्वस्त उपाय ती गोळीच आहे. म्हणून गोळीनेच माणसापर्यंत चालत जायला हवं. 2017 साली सुरू झालेल्या रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमाने सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा या जिल्ह्यांपासून महाराष्ट्रात हेच धरलं: मोजक्या ठरलेल्या गोळ्या, महिन्याभराच्या एकदम, आणि शक्यतो गावाजवळ.

लासलगावात त्यासाठी जागा शोधावी लागणार नाही. 1947 पासूनची बाजार समिती आहे, आणि लिलावाच्या रांगेत ट्रॅक्टरवर माणसं तासन्‌तास बसलेली असतात. तिथे एक टेबल, एक यंत्र आणि गोळ्यांचा साठा असावा. मजूर बायका त्या रांगेत नसतात. त्यांच्यासाठी आरोग्य उपकेंद्र आठवड्यातून एकदा तरी दिवेलागणीनंतर उघडं ठेवावं. सकाळी दहाला त्या वाफ्यात असतात.