आठवीनंतरचे ताट

ज्या मुलाच्या ताटात काय पडावे हे त्याच्या हाती नाही, त्याला उत्तम आहार कोणता हे शिकविण्याचा अधिकार शाळेला कोठून प्राप्त होतो? माध्यमिक शाळांत आहार व पोषण शिकवावे, जमिनीला आणि पाण्याला झेपेल अशा अन्नाचा विचार त्यात असावा, याविषयी आज फारसे दुमत उरलेले नाही. परंतु हा विषय भूगोलासारखा नाही. गोदावरीचा उगम सांगितल्याने कोणाच्या आईला उणेपणा येत नाही. सकस आहाराचा धडा वाचला जात असताना मात्र एखादे मूल मान खाली घालते.

उत्तर नागपुरातील जरीपटका घ्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी ही वसाहत वसवली. जवळच इंदोऱ्याची बौद्ध वस्ती आहे. अशा परिसरातील एकाच वर्गात कोणाच्या डब्यात कोकी, कोणाच्या डब्यात पालक व चणाडाळ एकत्र शिजवून केलेली साईभाजी, कोणाकडे नुसती पोळी नि लोणचे असू शकते; एखाद्याकडे डबाच नसतो. सिंधी माणसाची जमीन गेली, साईभाजी त्याच्यासोबत आली. पोषणाच्या कसोटीवर ती आजही उतरते, हे जाता जाता सांगावेसे वाटते. शिक्षक डब्यांना गुण देऊ लागला की अध्यापन संपते आणि घराघरांचा न्यायनिवाडा सुरू होतो. आणि त्यात निर्दोष सुटतात ते बहुधा सुखवस्तू घरचेच.

शासनाचे गणितही तपासण्यासारखे आहे. मध्यान्ह भोजनाची राष्ट्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी प्राथमिक वर्गांसाठी सुरू झाली, पुढे ती आठवीपर्यंत वाढली, २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तिला हक्काचे रूप दिले. सहावी ते आठवीच्या मुलासाठी दिवसाला ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने असे तिचे माप आहे. नववीत पाऊल टाकताच हे माप शून्यावर येते. तेही नेमक्या त्या वयात, जेव्हा शरीर झपाट्याने वाढते आणि मुलींचे रक्त कमी पडू लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून अधिक मुली रक्तक्षयग्रस्त आढळल्या. त्यांच्यासाठी शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी असते. ती जेवणानंतर घ्यायची. उपाशीपोटी घेतली तर मळमळते. जेवण मात्र कोणी द्यायचे, हे गोळीच्या योजनेत नाही.

नागपूरहून वर्धा दूर नाही. तेथील मगनवाडीत गांधीजींचे सहकारी, ख्रिस्ती अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी हातसडीच्या तांदळाचा आग्रह धरला. गिरणीत पॉलिश केलेल्या तांदळाचा कोंडा जातो, त्यासोबत सत्त्व जाते आणि कांडणाऱ्या बाईची मजुरीही जाते, हे त्यांनी ओळखले होते. पोषण, जमीन आणि न्याय ही तीन प्रकरणे एका दाण्यात आहेत. ऑक्टोबर १९३७ च्या वर्धा परिषदेतून नई तालीम उभी राहिली. त्याच परंपरेतील सेवाग्रामची आनंद निकेतन शाळा २००५ साली पुन्हा सुरू झाली. तेथे मुले भाजी पिकवतात आणि स्वयंपाकालाही हात लावतात. जो स्वतः रांधतो त्याला आहाराचा उपदेश करावा लागत नाही. तो प्रश्न विचारू लागतो.

जरीपटक्याच्या शाळेला शेत कोठले, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. दहावीच्या परीक्षेचे दडपणही खरे आहे. पण बाजार आहे. विदर्भाच्या काळ्या मातीत ज्वारी मागे पडून सोयाबीन का पसरले, ज्वारी कमी झाली तेव्हा गुरांच्या कडब्याचे काय झाले, हे दाणेवाल्याच्या दुकानापासून शिकता येते. जेवणासोबत संत्रे खाल्ले तर भाजीतील लोह अंगी अधिक लागते, जेवणानंतर लगेच घेतलेला चहा त्याच्या आड येतो, एवढे ज्ञान गरिबाघरच्या मुलीलाही वापरता येते. तिला परवडेल तेवढेच शिकवावे असा माझा आग्रह नाही; न परवडणारे तिचा दोष म्हणून शिकवू नये, इतकेच. एक दिवस वर्गाने एकत्र रांधून एका पंक्तीत जेवावे, आणि डाळीचा खर्च मुलांकडून मागू नये. शासकीय व अनुदानित शाळांत आठवीपर्यंतच्या मुलांचे अन्न रोज आवारात येतेच. नववीचा वर्ग बहुधा त्याच इमारतीत भरतो.