अनुसरणे : एका क्रियापदाची वंशावळ

'अनुसरणे' हे क्रियापद 'अनु' हा उपसर्ग आणि 'सृ' हा संस्कृत धातू यांच्या जोडणीतून आले. 'सृ' म्हणजे वाहणे, पुढे जात राहणे. 'सरिता' त्याच धातूची. मराठी 'सरणे'ही त्याच कुळातले. कणगीतली ज्वारी सरते, दिवस सरतो आणि वाटेत उभ्या माणसाला 'जरा बाजूला सर' म्हणतात: चालणे आणि संपणे एकाच शब्दात नांदतात. 'अनु' म्हणजे मागून, लगत. 'अनुकूल' या शब्दात तर तो कूल, म्हणजे नदीचा काठ, धरूनच चालतो.

वऱ्हाडात महानुभाव पंथ तेराव्या शतकापासून रुजलेला आहे. या पंथात 'अनुसरणे' या क्रियापदाला नेमका अर्थ आहे. श्रद्धा ठेवून घरी राहतो तो वासनिक. घरदार, गाव, नातीगोती सोडून संन्यास घेतो तो 'अनुसरला'. आता 'संसार' शब्द उकलून पाहावा: 'सम्' आणि तोच 'सृ'. जे सोडायचे आणि ज्याने सोडायचे, ते एकाच धातूचे. व्याकरणावरून धर्मतत्त्व सिद्ध होत नाही, हे खरे; पण इथे भाषेने मोलाची खूण ठेवली आहे. संसारी जीव जन्मामागून जन्म वाहत राहतो. अनुसरलेलाही चालतोच, अटन, म्हणजे भटकंती, हा त्याचा आचारच आहे. फक्त कोणामागून चालायचे, हे त्याने ठरवलेले असते.

जर्मनमधले 'नाखफोल्गेन' हे जोडक्रियापद असेच घडले. 'नाख' म्हणजे मागून, पण त्याचे मूळ 'जवळ' या अर्थाच्या 'नाह'शी जुळते. 'फोल्गेन' म्हणजे मागे जाणे. मासे धरणाऱ्यांना येशूने घातलेल्या हाकेसाठी मार्टिन लूथरने हेच क्रियापद वापरले. दीट्रिख बोनहोफर या धर्मचिंतकाने 1937 मध्ये आपल्या ग्रंथाला त्याचेच नाम, 'नाखफोल्गे', शीर्षक म्हणून दिले. धातू वेगळे, पण मागे जाणे आणि जवळ असणे यांची गाठ दोन्हीकडे सारखीच.

त्यातूनच खरा प्रश्न उभा राहतो: पुढचा दिसेनासा झाला, तर अनुसरायचे कोणाला? महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी उत्तरापंथे निघून गेले, तेव्हा शिष्यांपुढे हाच पेच होता. त्यांच्यातल्या म्हाइंभटांनी स्वामींना पाहिलेल्यांना गाठून, विचारून 'लीळाचरित्र' हे स्वामींचे चरित्र सिद्ध केले. कोणी काय सांगितले, यातले पाठभेदही पंथाने 'वासना' म्हणून जपले. स्वामी कुठे बसले, कुठे निजले, याची नोंद 'स्थानपोथी'त आहे. त्या जागांवर ओटे बांधलेले आहेत; आजही महानुभाव तिथे वाकून ओट्यावर माथा टेकवतात.