पोटातलं पांढरं

भैरवगढला या. उज्जैनजवळ, क्षिप्रेच्या काठी, कालभैरवाच्या परिसरात.

इथे सुती कापडावर बाटिकचं मेण उतरतंय.

नुसतं बघा.

मेण गरम आहे, पातळ आहे. त्याला टोकदार कोपरा धरवत नाही. रेघ संपते तिथे ती आपसूक गोल होते.

श्वास आत घ्या. सावकाश सोडा.

कापड रंगात बुडतं. आधी फिकट रंग, मग गडद. मेणाखाली रंग पोचत नाही. मेणाला तडा गेला असेल, तर तेवढ्यातून एक बारीक शीर आत शिरते.

कापड उकळत्या पाण्यात जातं. मेण सुटतं. झाकलं होतं तेवढं पांढरं राहतं.

त्या पांढऱ्यापाशी थांबा.

थोडं अजून.

आता डोळे मिटा. या गावाचं नाव जाड, गोलसर अक्षरांत मनासमोर येऊ द्या. अक्षरं मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेची. फॉन्टचं नाव मोदक. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी घडवलेला.

पाचही अक्षरं नकोत. ‘भैरवगढ’मधला ‘व’ तेवढा घ्या.

शिरोरेषा जाड. काना जाड. पोट फुगून कान्याला टेकायला आलेलं.

बोटाने कडेकडेने फिरा. कुठेही टोचत नाही. बोरूचा तिरका काप इथे नाही. रेघेचं जाड-बारीक होणं जवळपास नाहीच.

फिरत राहा. श्वास चालू द्या.

आता काळ्यावरची नजर काढून आत न्या.

‘व’च्या पोटात एक फट आहे. बारीकशी. सगळा ‘व’ तिच्यावर उभा आहे. ती बुजली, की उरतो गोळा.

त्या फटीत राहा.

शेजारी ‘ब’ येऊ द्या. त्याच पोटातून याला आणखी एक तिरकी रेघ न्यायची आहे. आधीच जागा नाही, त्यात ही रेघ. घडवणाऱ्याचा हात इथे किती वेळ अडला असेल?

उत्तर नको. बघत राहा.

असं अक्षर मुलांच्या पुस्तकाच्या नावाला शोभतं. मिठाईच्या खोक्याला, जत्रेच्या फलकाला. निधनवार्तेला मात्र लावू नये, असं मला वाटतं. फारच गुबगुबीत आहे ते.

पुन्हा ‘व’कडे या.

त्याला हळूहळू लहान करा. पाटीएवढा. मुखपृष्ठावरच्या नावाएवढा. वर्तमानपत्रातल्या मजकुराएवढा.

फट कुठे मिटते?

घाई करू नका. एक पायरी मागे या. फट उघडली का, बघा. नसेल, तर आणखी एक.

तिथे थांबा. मोदक तिथपर्यंतच वापरायचा. त्याहून बारीक मजकुरासाठी ‘एक टाइप’चाच ‘मुक्त’ हा फॉन्ट आहे; त्याच्या ‘व’च्या पोटात भरपूर जागा आहे.