मातीतून गादीवर

मिरजगावच्या परिसरात यात्रा म्हटली की कुस्त्यांचा हगामा आलाच. आमच्या कर्जत तालुक्याने तर मार्च २०२५ मध्ये 'महाराष्ट्र केसरी' स्पर्धेचे यजमानपद भूषविले. या स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग असतात व दोहोंचे विजेते अखेरीस परस्परांशी झुंजतात. खेळ एकच, परंतु मातीत मुरलेल्या मल्लाला गादीवर उतरताना जे सोसावे लागते, त्यात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, असे आम्हांस वाटते. अंगी भिनलेली सवय माणूस खरोखर टाकू शकतो काय?

मातीच्या आखाड्यात प्रतिस्पर्ध्याचा लंगोट धरून डाव टाकणे रूढ आहे. गादीवरील फ्रीस्टाईल कुस्तीत मात्र पोशाख धरण्यास मनाई असते. शिवाय तीन-तीन मिनिटांच्या दोनच फेऱ्यांत गुण मिळवायचे असतात. हे नियम मल्लाला पाठ असतात. तरीही ऐन झटापटीत हात जुन्याच पकडीकडे धावतो. बुद्धीला उमगलेले हाताला उमगलेले नसते.

मग दोष कोणाचा? त्या क्षणी त्याने ठरवून काहीच केलेले नसते. परंतु हाताला वळण लावण्याची वेळ त्या क्षणाची नव्हेच. ती पहाटेच्या सरावाची. आपली जबाबदारीही तेथेच असते. संतापाच्या भरात मुलावर हात उगारणारा बाप 'नकळत घडले' असे म्हणतो, तेव्हा तो खोटे बोलत नाही. पण शांततेचे दिवस त्याने कशात घालविले, हा प्रश्न उरतोच.

कराडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीतच घडले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गादीवर लढून ते सहावे आले, आणि १९५२ साली हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मातीत कमावलेले अंग त्यांना टाकावे लागले नाही. त्याला नवे वळण द्यावे लागले.

येथे दोन गोष्टी ध्यानी घेण्याजोग्या आहेत. पहिली ही की, जुनी पकड मुळात वाईट नव्हती; तिच्या जागी ती योग्यच होती. आपले कित्येक दोषही असेच कधीकाळी उपयोगी पडलेले असतात. हलाखीत जपलेली काटकसर पुढे कंजूषपणा होते. लहानपणी संरक्षण ठरलेले मौन संसारात अबोला होते. म्हणून स्वतःचा तिरस्कार करून काही साधत नाही. दुसरी गोष्ट अशी की, हाताला 'धरू नकोस' एवढेच सांगून भागत नाही. मनगट धर, दंड धर, पाय धर, असे सांगावे लागते व ते शेकडो वेळा करवून घ्यावे लागते. झाडून स्वच्छ केलेल्या पण रिकाम्या ठेवलेल्या घरात अशुद्ध आत्मा आणखी सात जणांना घेऊन परततो, हा शुभवर्तमानातील दाखला आपणांस ठाऊक आहेच.

पापनिवेदनानंतर 'पुन्हा असे करणार नाही' असा निश्चय आपण करतो. तो प्रामाणिक असतो, परंतु पुष्कळदा अर्धाच असतो. राग आला की उठून अंगणात जाईन, घोटभर पाणी पिईन आणि मगच बोलेन, असे काही त्यात जोडले, व राग नसतानाही ते गिरवले, तर पुढच्या झटापटीत हाताला जायला दुसरी जागा असेल.