आयत्या बिळातला गुरू



आज दोन वाचनं आहेत. सकाळी नेमाचा ‘श्रीगजानन विजय’, अध्याय पाचवा. रात्री भागवताच्या एकादश स्कंधातला अवधूत आणि यदुराजाचा संवाद. एकाच दिवशी दोन्ही यावीत असं काही ठरवलं नव्हतं, पण आली, आणि दिवसभर माझ्या डोक्यात एकमेकांशी भांडत राहिली. ते भांडण आज तुमच्यासमोर मांडते.

पाचव्या अध्यायातली अकोलीची गोष्ट पारायण करणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते. वैशाखातली दुपार. महाराज अडगावच्या वाटेवर, तहानलेले. शेतात भास्कर पाटील काम करतोय. त्याच्याजवळ घागर आहे, पण त्या शिवारात पाणी नाही. गावातून डोक्यावर वाहून आणलेलं पाणी आहे ते. महाराज पाणी मागतात आणि भास्कर नाही म्हणतो. नुसतं नाही म्हणून थांबत नाही, कारणही देतो: तू चांगला धडधाकट आहेस, काम करत नाहीस, हिंडतोस, आंधळ्या-पांगळ्याला पाणी दिलं तर पुण्य लागेल, तुला देऊन कसलं? पुढचं तुम्हाला माहीत आहे. महाराज जवळच्या कोरड्या विहिरीकडे जातात आणि तिला पाणी येतं. भास्कर पायावर पडतो.

शेवट माहीत असल्यामुळे आपण भास्कराचं बोलणं भरभर वाचून टाकतो. त्याला पश्चात्ताप होणारच आहे, मग त्याचं काय ऐकायचं? मला मात्र आज त्याच्यापाशीच थांबावंसं वाटलं. समोर कोण उभं आहे हे त्याला ओळखता आलं नाही, हे खरं. पण त्याचा प्रश्न मुळात चुकीचा होता का? एखादा माणूस ओझं न घेता हिंडतो, तेव्हा त्याचं पाणी कोण वाहतं?

हा प्रश्न मला टोचतो, कारण मी स्वतः हिंडणाऱ्यांपैकी आहे. मी फ्रीलान्स चित्रकार. मुलांच्या पुस्तकांची चित्रं, मुखपृष्ठं, कधी एखाद्या अ‍ॅपसाठी आयकॉन. उन्हाळा आला की पुण्यातली खोली बंद करायची, लॅपटॉप, टॅबलेट आणि चार सुती कपडे घ्यायचे आणि महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसायचं. अकोल्याला दोन दिवस मावशीकडे, मग मूर्तिजापूरवरून एसटीने, अर्ध्या तिकिटात, दर्यापूर तालुक्यात मामाच्या गावी. पाच-सहा आठवडे. मैत्रिणी डोंगरात जातात, समुद्रावर जातात. मी पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो तिथे जाते. (“मे महिन्यात? अकोल्याला?” या प्रश्नाला मी आता उत्तर देणं सोडलंय.) कमी खर्च, कमी वस्तू, सकाळी वाचन, दुपारी जाड भिंतींच्या खोलीत काम, रात्री गच्चीवर झोप. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना असं जगावंसं वाटतं, हे तुमच्या मेसेजवरून कळतं.

आणि या जगण्याला शास्त्राधारसुद्धा आहे! अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये अजगर आहे: समोर येईल ते खातो, गोड असो वा नसो, थोडं असो वा भरपूर, नाही आलं तर पडून राहतो. इन्व्हॉइस पाठवून साठ दिवस झाले की आम्ही फ्रीलान्सर सगळेच अजगर होतो. त्यांच्यातच सापही आहे. साप घर बांधत नाही. घराच्या उठाठेवीत दुःख आहे हे जाणून तो दुसऱ्याने केलेल्या बिळात शिरतो आणि सुखाने राहतो. एकटा, कमी बोलणारा, ठिकाणाला न बांधलेला. गृहकर्जाच्या हप्त्यांकडे बघून घाबरलेल्या आमच्या पिढीला हा गुरू लगेच आवडतो.

फक्त एक गंमत बघा. आपल्या मराठीत हाच साप शिवी होऊन बसलाय. आयत्या बिळात नागोबा! ज्याला अवधूत हात जोडतो, त्यालाच आपली आजी नाक मुरडते.

असं कसं? मला वाटतं, भागवतात सापाच्या बाजूने बघितलंय आणि म्हणीत उंदराच्या. अवधूत सांगतोय ते आसक्तीबद्दल: घराला चिकटू नकोस. म्हण सांगते ते कष्टाबद्दल: बीळ कुणीतरी नखांनी उकरलं होतं. एक दुसऱ्याला खोटं पाडत नाही. पण आपण सोयीचं तेवढं वाचतो. घरात न अडकण्याचं वैराग्य उचलतो आणि उकरणाऱ्याला विसरतो.

माझ्या आजीने हे फार सरळ विचारलं होतं. मी टॅबलेटवर चित्र रंगवत होते. ती बराच वेळ बघत बसली, मग म्हणाली, “तू इथं बसून बसून चित्रं काढतं अन् तिकून पैसे येते? मंग आमी कायले उन्हात जातो वं?” सगळे हसले, मीही हसले. भास्कर पाटलाचाच प्रश्न होता तो, फक्त लाडाने विचारलेला.

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना, अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत जो खारपाणपट्टा पसरलाय, त्यात मामाचं गाव येतं. जमीन काळीभोर, दिसायला श्रीमंत. पण विहीर खणली की पाणी खारट. ना पिकाला धड, ना पिण्याला. म्हणून शेती पावसावर: कापूस, तूर, सोयाबीन, आणि जमिनीत धरलेल्या ओलीवर हरभरा. पिण्याचं गोड पाणी मेळघाटच्या पायथ्याच्या शहानूर धरणावरून नळाने येतं. आमच्या गावात उन्हाळ्यात कधी चार दिवसांनी, कधी आठ. ते आलं की घरातल्या बायका हातातलं सगळं टाकून धावतात. अशा घरात एक माणूस वाढणं म्हणजे रोज दोन-तीन हंडे वाढणं. ‘साधं राहणं’ इथे मापता येतं, आणि ते हंड्यांनी मापावं लागतं.

शिवाय मे म्हणजे माझ्यासाठी सुट्टीचा, मामासाठी काळजीचा महिना. मृगाच्या आधी बियाण्याचे आणि खताचे पैसे उभे करायचे असतात. पीककर्ज मिळेल का, गेल्या वर्षीचा कापूस भाव येईल म्हणून ठेवला तो विकावा का. मामाच्या घरातही वस्तू कमीच आहेत, ताटात पदार्थ कमीच असतात. पण त्याला कोणी मिनिमलिझम म्हणत नाही. मी निवडलेला साधेपणा आणि मामाला मिळालेला साधेपणा फोटोत सारखेच दिसतात. फरक एवढाच, की माझ्या साधेपणाला परतीचं तिकीट आहे.

संथ प्रवासाचंही तेच. मूर्तिजापूर म्हटलं की सगळ्यांना शकुंतला आठवते. यवतमाळ ते मूर्तिजापूर ते अचलपूर, जेमतेम अडीच फुटांच्या रुळांवरची, किलिक-निक्सन कंपनीच्या काळापासूनची गाडी. १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालली. आता ती बंद आहे आणि आम्ही शहरातले लोक तिच्या संथपणाच्या आठवणी काढतो. पण तिच्यातून जाणाऱ्याने संथपणा निवडला नव्हता. तिचं तिकीट परवडायचं, बस परवडायची नाही, एवढाच हिशोब होता.

मग काय, हिंडूच नये? पुण्यात बसून हप्ते फेडावेत? मला तसं वाटत नाही, आणि वऱ्हाडच्या मातीलाही तसं वाटत नसावं. इथल्यासारखे हिंडणारे संत क्वचित कुठे झाले असतील. रिद्धपूर इथलंच, घरदार सोडून, भिक्षेवर राहून अटन करणाऱ्या महानुभावांचं ते तीर्थ. आणि गाडगेबाबा इथले.

अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेले डेबूजी वाढले मूर्तिजापूर तालुक्यात, दापुरीला, मामाच्या घरी. मामाच्या शेतात ते राबले. त्यांनी १९०५ मध्ये घर सोडलं ते पुन्हा घर केलंच नाही. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि गाडगं. त्याच गाडग्यात खायचं, त्यातच प्यायचं. वस्तू मोजायच्या झाल्या तर आपल्यातला कुठलाही मिनिमलिस्ट त्यांच्या पासंगालाही पुरणार नाही. पण मला मोठा वाटतो तो त्यांचा क्रम. गावात शिरले की आधी खराटा सुरू. रस्ते, गटारं, देवळासमोरची जागा. भाकर मागायची ती त्यानंतर. कुणाकडे लाकडं फोडून द्यायची, मग तुकडा घ्यायचा. भास्कर पाटलाने त्यांना अडवून ‘धडधाकट आहेस, काम का करत नाहीस’ असं विचारलं असतं, तर तोवर त्याचं अंगण झाडून झालेलं असतं.

आणि नागोबाची म्हण तर त्यांनी उलटीच केली. स्वतः बीळ केलं नाही, पण दुसऱ्यांसाठी उकरत राहिले. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे धर्मशाळा. मुंबईत दवाखान्यात आलेल्या रोग्यांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर पुढे डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. ज्या इमारती उभ्या केल्या त्यांत आपला संसार कधी मांडला नाही. भातकुली तालुक्यात पूर्णेच्या काठावर ऋणमोचन नावाचं गाव आहे. पौषातल्या रविवारी तिथे यात्रा भरते, आणि तिथला घाट गाडगेबाबांनी बांधला. नदीवर जाऊन ऋण फिटतं अशी श्रद्धा असलेल्या ठिकाणी हा माणूस पायऱ्या बांधत बसला, याचा मी कितीदा तरी विचार करते.

अवधूताकडे परत जाऊ, कारण त्याने उंदराला अगदीच विसरलेलं नाही. त्याचा आणखी एक गुरू आहे, भुंगा. फुलाफुलातून थोडं थोडं घेतो. तसं मुनीने घराघरातून घासभरच घ्यावं, आणि अवधूत मुद्दाम सांगतो, कुठल्याही घराला इजा होऊ देऊ नये. आपल्या ‘माधुकरी’ शब्दातला मधुकर तो हाच. इजा न होऊ देणं ही अट आहे. नाथमहाराजांच्या टीकेसकट हा भाग एकदा निवांत वाचा. अजगर आणि साप आपल्याला सुट्टी देतात, भुंगा मात्र हिशोब मागतो.

इथे कुणी म्हणेल, पैसे दिले की झालं. होमस्टेला भाडं दे, मामाच्या हातात काही ठेव. होमस्टेचं ठीक आहे. मामाच्या हातात नोटा ठेवून बघा तुम्ही! आणि पैशाने हंडा आपोआप भरत नाही, तो मामीच भरते. दुसरा उपाय आमच्या जमातीचा लाडका: गावातल्या शाळेची भिंत रंगवून देऊ, मुलांची कार्यशाळा घेऊ. वाईट नाही. पण ते मला करायला आवडतं म्हणून मी सुचवते, आणि त्याचा फोटो पोर्टफोलिओत जातो. गाडगेबाबा उत्तम कीर्तनकार होते, हजारो लोक ऐकायला जमायचे. तरी गावात शिरताना त्यांनी आपली कला पुढे केली नाही, खराटा पुढे केला. ज्याला कसलीही खास कला लागत नाही, जे कुणालाही करता येतं आणि कुणालाच करायचं नसतं, ते काम.

माझ्यापाशी तसं एकच काही आहे, माझा वेळ. वस्तू कमी करणं मला जड जात नाही. कपडे चारच असले तरी चालतं. पण सकाळचे दोन तास कुणी मागितले की जीव जातो. फ्रीलान्स जगण्याची सगळी चैन त्या तासांतच आहे. माझा वेळ माझा! आणि नळ नेमका तेव्हाच येतो. वेळापत्रक नसतं. गल्लीतून “आला वं, आला!” अशी हाक येते आणि मामी उठते. तिच्या गुडघ्यांना आता वाकणं सोसत नाही, पण मी उठले की म्हणते, “राहू दे वं माय, तुह्यं काम चालू दे.” हे प्रेमच आहे आणि मला ते नको असतं असं नाही. पण महाराजांची तहान, भास्कराची घागर आणि मामीचे गुडघे हे सगळं त्या एका वाक्यात येतं.

अकोलीच्या गोष्टीत एक बारीक गोष्ट आहे, चमत्काराच्या गडबडीत सुटून जाते. महाराजांनी भास्कराचं पाणी शेवटपर्यंत घेतलंच नाही. त्याच्याशी वादही घातला नाही. कोरड्या विहिरीला पाणी आणलं, आणि भास्कराला सांगितलं ते हे, की आता डोक्यावर घागर वाहून आणू नकोस, इथे मळा लाव.

आपल्याकडून विहिरीला पाणी येणार नाही. एक हंडा मात्र उचलता येतो. या महिन्यात माझ्या एका मुखपृष्ठाचं काम चालू आहे आणि तिकडच्या संपादक बाई सकाळी अकराला फोन करतात. त्यांना मी कळवून टाकलंय, की मी सध्या गावी आहे, मध्येच नळ आला तर फोन ठेवेन आणि अर्ध्या तासाने परत करेन. त्यांचं उत्तर आलं: “आमच्याकडे लातूरला पण तसंच आहे. आरामात करा.”

उद्या एकादश स्कंधातली पिंगळेची गोष्ट. वाचून या.