दंगल, दंड आणि धम्म



बारामती-इंदापूरकडच्या दीक्षा घेतलेल्या घरांतून एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. रस्त्यावर दंगल पेटली आणि पुढाऱ्यांनी 'पोलिसांच्या पाठीशी उभे राहा' असे आवाहन केले, तर पंचशील घेतलेल्या माणसाने काय करावे? हिंसा वर्ज्य, तर पोलिसाची लाठी तरी आपल्याला कशी चालते?

प्रश्न नवा नाही. सिंह सेनापतीने तो खुद्द तथागतांना विचारला होता, आणि बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात तो मुद्दाम घेतला आहे. उत्तराचा आशय असा, की जो दंडास पात्र आहे त्याला दंड झालाच पाहिजे. त्यात दोष दंड देणाऱ्याचा नसून गुन्हेगाराच्या कृतीचा आहे. मात्र दंड देणाऱ्याच्या मनात द्वेष नसावा. म्हणजे अटी दोन झाल्या. आपल्या वाट्याला त्या दोन्ही एकत्र क्वचितच आल्या आहेत.

१९७८ साल घ्या. १८ जुलैला आपल्या बारामतीचे शरद पवार मुख्यमंत्री झाले. २७ जुलैला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. ज्यांनी विद्यापीठाची पायरीही पाहिली नव्हती, अशा शेतमजुरांची घरे जळाली. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीत (आपल्या इंदापूरपलीकडचे टेंभुर्णी नव्हे) पोचिराम कांबळे मारले गेले. पोलीस कुठे होते, हे तेव्हाही विचारले गेले. पण माझ्या मते त्याहून मोठा प्रश्न सरकारचा आहे. ठराव रद्द झाला नाही आणि अंमलातही आला नाही. नाव बदलले ते १४ जानेवारी १९९४ रोजी, पवार पुन्हा मुख्यमंत्री असताना, आणि तेही 'मराठवाडा' हा शब्द कायम ठेवून. साडेपंधरा वर्षे! पुढचा रक्तपात टाळायचा होता, असे समर्थन केले जाते. ते अगदीच खोटे म्हणता येणार नाही. परंतु जाळणाऱ्याला त्यातून काय कळले? घरे जाळली की विधिमंडळाचा ठराव थांबतो, हेच ना? एवढे शिकवून झाल्यावर पोलिसांना पाठिंबा देऊन दंगल कशी थांबावी?

आता दुसरी बाजू. ११ जुलै १९९७. घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांची माळ घातलेली आढळली. लोक रस्त्यावर आले, राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या, दहा माणसे गेली. गुंडेवार आयोगाने तो गोळीबार असमर्थनीय ठरवला आणि २००९ साली न्यायालयाने उपनिरीक्षक मनोहर कदम यांना दोषी धरले. त्या दिवशी कोणी 'पोलिसांच्या पाठीशी उभे राहा' म्हटले असते, तर ते कोणाच्या प्रेतावर उभे राहून?

मग पोलिसांकडे पाठ फिरवायची काय? बाबासाहेबांनी तसे केले नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला आपल्या लोकांवर हल्ला झाला तेव्हा त्यांनी चिडलेल्या माणसांना आवरले आणि प्रकरण कायद्याच्या वाटेने नेले. हल्लेखोरांपैकी पाच जणांना सक्तमजुरी झाली. जिल्ह्याचे मुख्य अधिकारी हिंदू नव्हते म्हणून हा न्याय मिळाला, असे त्यांचे मत होते. कायद्यावर विश्वास, पण डोळे उघडे ठेवून.

हाच नियम आपल्या मुलांनाही लागू आहे, आणि इथेच आपण कच्चे पडतो. बंदच्या दिवशी एस.टी.वर दगड टाकणारा आपल्या आळीतला असला की सगळी आळी मुकी होते. त्या एस.टी.त आपल्यासारखीच म्हातारी बसलेली असते. सिंह सेनापतीला दिलेल्या उत्तरात जातीची सवलत नाही. पहाटे याच रस्त्यांवर आपली मुले पोलीस भरतीसाठी धावतात. उद्या त्यांतला एखादा बंदोबस्ताला उभा राहील, तेव्हा त्यानेही माणूस पाहू नये, कृत्य पाहावे, हे त्याला घरातूनच कळले पाहिजे.

जे पाहिले ते सांगा. आपल्याविरुद्ध जात असले तरी सांगा. ठाण्यावर जाताना मात्र विहारातले दोघे-चौघे बरोबर घ्या, जबाब वाचून घेतल्याशिवाय सही करू नका, आणि फिर्याद दिली असेल तर तिची नक्कल मागा. ती फुकट देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे.